रोजची सायकल, हौसेची मोटार

रोजच्या कामाला बारा महिने सायकल आणि हौस म्हणून दाराशी एक छोटी, बहुधा जुनी मोटार, अशी जोडी सांभाळायची तर एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. ही दोन वाहने एका घरी राहत असली तरी त्यांची दुखणी उलट आहेत. सायकल चालवल्याने झिजते. मोटार उभी राहिल्याने बिघडते. सायकल किती चालली याचा हिशेब ठेवायचा असतो आणि मोटार किती दिवस चालली नाही याचा. हे ध्यानात ठेवले तर दोन्हींची देखभाल एका वेळापत्रकात बसते. नाही तर सायकल भर रस्त्यात बंद पडते आणि मोटार अंगणातून बाहेरच निघत नाही.

अशा जोडीला नगर शहर सोयीचे आहे. अहिल्यानगर असे नाव झाले तरी बोलण्यात ते अजून नगरच आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीच्या पठारावर वसलेल्या या शहरात दम काढणारे चढ थोडे. सावेडीतून नागापूरच्या एमआयडीसीत, केडगावातून माळीवाड्यात किंवा भिंगारमधून दिल्ली गेटला जाणे सायकलवरून अर्ध्या तासाच्या आत-बाहेरचे काम आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या विस्तीर्ण आवारात तर वर्ग, वसतिगृह आणि प्रक्षेत्र यांच्यामध्ये सायकलीइतके सोपे दुसरे काही नाही.

वाहनांचे वेडही या गावाला जुने. लष्कराचे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र इथेच आहे. १९९४ साली सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइसच्या सिल्व्हर घोस्टवर बांधलेली चिलखती गाडीही पाहायला मिळते. संरक्षण खात्याची वाहन संशोधन आणि विकास संस्था शहराजवळच्या वाहननगरात आहे. नगरच्याच फिरोदिया घराण्यातल्या ह. कु. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लूना आणली. लूनाला पेडल होते आणि इंजिनही. सायकलवरून उतरून पेट्रोलच्या वाहनावर बसण्याची पहिली पायरी अनेक घरांनी तिच्यावरच चढली. त्यानंतर स्कूटर आली, मोटरसायकल आली आणि सायकल भिंतीला टेकून उभी राहिली. आज जो बारा महिने सायकल चालवतो तो स्वतः निवड करून चालवतो, म्हणून त्याने ती नीट ठेवणे अधिक गरजेचे आहे.

हौसेच्या मोटारीत दोन नावे सर्वांत जास्त ऐकू येतात. एक प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. मूळची फियाट ११००, १९७४पासून पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्या महाराष्ट्राच्या ओळखीची झाली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर ती टॅक्सीही रस्त्यावरून गेली. दुसरी मारुती ८००, डिसेंबर १९८३मध्ये आलेली, ७९६ सीसी, तीन सिलिंडरची. २०१४पर्यंत ती बनत होती. नव्याने हौस करणाऱ्याने मारुतीपासून सुरुवात करावी हे बरे. तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि कोणत्याही गॅरेजमधला मेस्त्री तिला हात लावायला कचरत नाही. पद्मिनीचा एखादा भाग मात्र मुंबई-पुण्याहून शोधून आणावा लागतो, तिच्या १४ इंची बारीक टायरसाठीही आधी चौकशी करावी लागते. पद्मिनी हवीच असेल तर भाग मिळतील तेव्हा घेऊन ठेवायची सवय लावून घ्यावी. गाडी विकत घेताना इंजिनापेक्षा पत्रा नीट पाहावा. इंजिन बांधून मिळते. तळाचा सडलेला पत्रा बदलण्याचा खर्च बऱ्याचदा गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

सायकलीचे वर्ष नगरमध्ये जूनपासून मोजावे. हा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे पाऊस कोसळत असतो, तेव्हा नगर शहरात रस्ता जेमतेम ओला असतो. शहराचा वर्षाचा सरासरी पाऊस ५५० ते ६०० मिलिमीटरच्या घरातला, म्हणजे कोकणातल्या एखाद्या गावाला जुलैत काही दिवसांत मिळतो तेवढा. शिवाय त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो आणि तोही बहुतेकदा दुपारनंतर, गडगडाटासह. म्हणून पावसाळ्यात सायकल चालत नाही ही समजूत इथे लागू होत नाही. सकाळी कोरडे जाता येते. रेनकोट कॅरिअरला बांधलेला असला आणि संध्याकाळी अर्धा तास थांबायची तयारी असली की बहुतेक दिवस निभावतात.

पावसापेक्षा वारा जास्त छळतो. जून ते ऑगस्ट या पठारावर पश्चिमेचा वारा सुटतो. पारनेर तालुक्यात सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर आणि नगर तालुक्यात खांडक्याच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या या वाऱ्याच्या भरवशावर. केडगावाहून शहरात येणाऱ्याला सकाळी तो पाठीशी असतो. संध्याकाळी परतताना समोरून येतो आणि दुपारी तापल्यामुळे जोरही वाढलेला असतो. अशा वेळी एकेरी गिअरच्या सायकलवर उभे राहून रेटण्यात गुडघे दुखावतात. रोजचा रस्ता वाऱ्याच्या तोंडी असेल तर मागचे फ्रीव्हील दोन-तीन दात्यांनी मोठे बसवून घ्यावे. वेग थोडा कमी होतो, पण पाय बारा महिने टिकतात. हा बदल कोणत्याही सायकलच्या दुकानात थोड्या वेळात होतो आणि नगरच्या सायकलस्वाराने करण्यासारख्या कामांत तो सगळ्यांत मोलाचा आहे.

पावसाळ्यात जपायचे ते ब्रेक. जुन्या चालीच्या सायकलीला लोखंडी, निकेल केलेल्या रिम असतात. रिम ओली झाली की ब्रेकचे रबर घसरते आणि सायकल थांबायला कोरड्या रस्त्याच्या कितीतरी पट अंतर घेते. अॅल्युमिनियमच्या रिमवर हा दोष बराच कमी होतो, म्हणून पावसातही चालवायच्या सायकलीला निदान पुढची रिम तरी अॅल्युमिनियमची असावी. काळ्या मातीच्या वाटेवरून जाणाऱ्याला आणखी एक त्रास असतो: चिखल मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये भरतो आणि चाक जाम होते. मडगार्डाचा स्टे थोडा वर सरकवून दोन बोटे जागा ठेवली की हे टळते.

पाऊस सरला की काट्यांचे दिवस येतात. रस्त्याकडेच्या बाभळी आणि वेड्या बाभळी छाटतात तेव्हा काटे डांबरावर येतात. माळरानावर सराटे वाळतात. त्यांचा काटा टायरमध्ये घुसतो आणि ट्यूबला इतके बारीक भोक पाडतो की हवा रात्रभरात उतरते आणि पंक्चर सकाळी निघायच्या वेळी लक्षात येते. हवा कमी ठेवलेल्या टायरला काटे जास्त लागतात, म्हणून आठवड्याला हवा तपासणे हा पंक्चरवरचा पहिला उपाय. टायरच्या आत जुन्या ट्यूबची पट्टी टाकण्याची गावाकडची रीतही उपयोगी आहे. पंक्चर काढताना भोक बुजवले की काम संपले असे नसते. टायर आतून बोटाने चाचपून काटा काढावा लागतो, नाही तर नवी ट्यूबही त्याच जागी फुटते.

याच सुमारास ऊसतोडणी सुरू होते. प्रवरानगर, संगमनेर, कोपरगाव, सोनई, भेंडे, श्रीगोंदा अशा चहूकडच्या कारखान्यांकडे बैलगाड्या आणि दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस जातात. या वाहनांना मागे दिवा नसतो असे पुष्कळदा घडते. ट्रॉलीतून निसटलेले ऊस रस्त्यावर चिरडून निसरडे होतात आणि सायकलीचे बारीक चाक त्यावर हमखास सरकते. नोव्हेंबर ते मार्च या काळात अंधार पडल्यावर जाणाऱ्याच्या सायकलीला मागे लाल दिवा आणि पुढे रस्ता दिसेल इतका उजेड असलाच पाहिजे. रिफ्लेक्टर दुसऱ्याच्या दिव्यावर चमकतो. दिवाच नसलेल्या ट्रॉलीपुढे त्याचा उपयोग नाही. चार पैसे खर्च करायचे तर ते सर्वांत आधी दिव्यावर करावेत.

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. सकाळी सातची पाळी असलेल्याला जाताना गारवा मिळतो, पण तीनला सुटल्यावर उन्हाच्या ऐन भरात घरी यावे लागते. डोक्याला उपरणे, निघण्यापूर्वी भरपूर पाणी आणि सोबत बाटली हे तर हवेच. त्याशिवाय जमले तर तासभर थांबून निघावे. ज्या दिवशी नको वाटते त्या दिवशी शेअर रिक्षा करावी. बारा महिने सायकल याचा अर्थ तीनशे पासष्ट दिवस सायकल असा नाही. आठ-दहा अवघड दिवस सोडून दिले म्हणून नियम मोडत नाही, उलट टिकतो.

पण त्या अवघड दिवसांसाठी हौसेची मोटार बाहेर काढणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. त्याचे कारण इंजिनाच्या आत काय घडते त्यात आहे. एक लिटर पेट्रोल जळले की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण तापलेले असले तर ही वाफ बाहेर निघून जाते. गार इंजिनात मात्र तिचे पाणी होते. थोडे ऑइलमध्ये मिसळते, थोडे सायलेन्सरमध्ये साचते. थंड इंजिनाला चोक देऊन जास्त पेट्रोल पाजावे लागते, त्यातले न जळलेले पेट्रोलही सिलिंडरच्या कडेने ऑइलमध्ये उतरते. पाच किलोमीटर जाऊन गाडी बंद केली की हा सगळा ओलावा आतच राहतो. ऑइल भरायच्या टोपणाच्या आत पिवळट साय धरलेली दिसली तर गाडीला असे छोटे फेरे पडत आहेत असे समजावे.

याच कारणाने, आठवड्यातून एकदा गाडी जागेवरच सुरू करून पाच मिनिटे चालू ठेवावी हा सर्रास दिला जाणारा सल्ला चुकीचा आहे. त्यात बॅटरीतून स्टार्टरने ओढलेली वीज भरून निघत नाही, ऑइल तापत नाही, गिअर-बॉक्स आणि ब्रेक तर हलतही नाहीत. तसे करण्यापेक्षा गाडी बंद ठेवलेली बरी. दोन-तीन आठवड्यांतून एकदा तिला नीट रस्त्यावर काढावे आणि निदान पंचवीस-तीस किलोमीटर चालवावे. नगरकरांना त्यासाठी रस्त्यांची उणीव नाही. संभाजीनगर रस्त्याने इमामपूरचा घाट, पाथर्डीच्या वाटेवरचा करंजी घाट, डोंगरगणची वाट, यांतला कोणताही रस्ता गाडी पूर्ण तापवतो. चढावर इंजिनाला भार मिळतो, उतारावर ब्रेक घासून त्यावरचा गंज निघतो, वळणांवर स्टिअरिंगचे सांधे हलतात. घरच्यांना घेऊन सकाळी निघून नाश्त्याला परत येण्याइतका हा फेरा आहे आणि मोटारीला तेवढ्याची खरी गरज आहे.

उभ्या गाडीत सर्वांत आधी बॅटरी बसते. शिसे-आम्लाची बॅटरी काही न जोडताही हळूहळू उतरते आणि उष्णता वाढली की हा वेग वाढतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या गाडीची बॅटरी म्हणूनच लवकर दगा देते. भरलेल्या बॅटरीवर मीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो. १२.४च्या खाली आली की चार्जिंगला लावावी. आणखी उतरू दिली तर प्लेटांवर पांढरा थर धरतो आणि मग ती पूर्ण भरतच नाही. महिनाभर गाडी निघणार नसेल तर ऋण टोकाची वायर काढून ठेवावी.

पेट्रोलचे दुखणे नगर जिल्ह्याच्या पिकाशीच जोडलेले आहे. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला उभा राहिला, १९५०मध्ये त्याचे गाळप सुरू झाले. आज साखर कारखान्यांतून इथेनॉल तयार होते आणि पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. शेतकऱ्याला आणि देशाच्या तेलखर्चाला त्याचा फायदा आहे. पण तीस-चाळीस वर्षांपूर्वीची मोटार या मिश्रणासाठी बनलेली नव्हती. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगवते, मऊ करते. हवेतला ओलावाही ते ओढून घेते. ओलावा एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, आणि पेट्रोल तळातूनच ओढले जाते. रोज चालणाऱ्या गाडीत हे घडायला वेळच मिळत नाही. उभ्या गाडीत पावसाळ्याचे चार महिने तो भरपूर असतो.

उपाय अवघड नाहीत. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या जुन्या नळ्या काढून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवून घ्याव्यात. हे काम पुढे ढकलू नये, कारण गळकी नळी तापलेल्या इंजिनाजवळ असली तर आगीची भीती असते. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवावी म्हणजे आत हवा आणि तिच्याबरोबर ओलावा कमी राहतो. एकदा भरलेले पेट्रोल दोन-तीन महिन्यांत संपवावे. कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेले पेट्रोल उन्हाळ्यात उडून जाते आणि मागे चिकट थर ठेवते. महिनाभरानंतर पहिल्यांदा स्टार्ट घेताना गाडी का-कू करते ती पुष्कळदा यामुळे.

ब्रेकच्या ऑइललाही पाणी ओढायची खोड आहे, म्हणून गाडी चालो न चालो, दर दोन वर्षांनी ते बदलावे. इंजिन ऑइल वर्षाला एकदा, किलोमीटर कितीही कमी झाले असले तरी. हँडब्रेक ओढून गाडी महिनाभर ठेवली तर पावसाळ्यात लायनर ड्रमला चिकटतात. त्याऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकामागे लाकडी ठोकळा लावावा. टायरची जाळी शाबूत दिसली तरी रबर वयाने कडक होते. टायरच्या बाजूला कोरलेले चार आकडे कितव्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी तो बनला ते सांगतात. आठ-दहा वर्षांच्या टायरवर घाट उतरू नये. प्लास्टिकचे कव्हर घामेजते आणि पत्रा गंजवते, सुती कापडाचे घालावे. सुगीनंतर उंदीर घरांकडे वळतात आणि वायरी कुरतडतात, तेव्हा बॉनेट आठवड्याला उघडून पाहिलेले बरे.

दोन्ही वाहनांच्या मोठ्या कामाला दसऱ्याचा सुमार सोयीचा. खंडेनवमीला अवजारे आणि वाहने धुऊन पुसून पुजायची रीत आहेच आणि पाऊसही ओसरत आलेला असतो. सायकलीचे ओव्हरहॉलिंग तेव्हाच करावे: दोन्ही चाकांचे आणि पेडलच्या धुऱ्याचे छर्रे काढून रॉकेलने धुवावेत, नवे ग्रीस भरावे, तारा ओढून चाकांचा आउट काढावा. चेनच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरायला हव्यात. त्यापेक्षा एक सूत जास्त भरल्या तर चेन बदलावी, नाही तर ती फ्रीव्हीलचे दातेही खाते. एरवी नगरच्या धुळीत चेनला कमी तेल आणि जास्त फडके लागते. मोटारीची बॅटरी, नळ्या आणि ब्रेक त्याच दिवसांत पाहून घेतले की वर्षभर फक्त फेरे उरतात.

पैशांचा मेळही जमतो. रोज दहा किलोमीटर आणि वर्षात २८० दिवस धरले तर २,८०० किलोमीटर होतात. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या स्कूटरला त्यासाठी बासष्ट-त्रेसष्ट लिटर पेट्रोल लागते, म्हणजे शंभर रुपयांच्या वरच्या भावाने सहा हजारांहून अधिक. मोटारीचा तृतीय पक्ष विमा कायद्याने सक्तीचा आहे. जून २०२२मध्ये ठरलेल्या दराने १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला तो वर्षाला २,०९४ रुपये आणि त्यापुढे १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये, अधिक कर. मारुती पहिल्या गटात बसते. पद्मिनी ८९ सीसीने दुसऱ्यात जाते. सायकलीने वाचवलेल्या पेट्रोलमधून विमा, पीयूसी आणि वर्षाचे ऑइल निघते. मोठी दुरुस्ती मात्र वेगळी बाजूला टाकावी लागते. सप्टेंबर २०२५पासून सायकलवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, त्यामुळे नवी सायकल घेणाऱ्यालाही थोडा हात मिळाला आहे.

कागदपत्रांत हयगय महाग पडते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी तपासून घेऊन दर पाच वर्षांनी ती वाढवावी लागते आणि त्या वेळी पर्यावरण करही भरावा लागतो. हे काम ज्या परिवहन कार्यालयाकडे गाडीची नोंद असेल तिथे होते: एमएच १६ नगरला, एमएच १७ श्रीरामपूरला. एप्रिल २०२२पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना ते १०,००० करण्यात आले. एप्रिल २०१९पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटीही बसवून घ्यावी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीसाठी जुलै २०२१पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. तिची मुदत दहा वर्षांची, पहिल्या वेळचे शुल्क २०,००० रुपये आणि नूतनीकरणाचे ५,०००. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या येण्याजाण्यासाठी नाही. त्यामुळे पन्नाशी गाठलेल्या पद्मिनीच्या मालकाने शुल्कातला फरक पाहण्याआधी तिचे घाटाचे नेहमीचे फेरे सोडायचे आहेत का हे ठरवावे. ते सोडायचे नसतील तर साध्या नोंदणीचे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहणे सोयीचे.